उलट्या फिरणाऱ्या फॅनची तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : बदली रेडिएटर संचातला कूलिंग फॅन उलटा फिरतो याबाबत, आणि ‘फिटिंगची चूक’ या तुमच्या उत्तराबाबत.

महोदय,

तुमच्याकडून घेतलेल्या रेडिएटर-फॅन संचाबद्दल हे माझे तिसरे पत्र. पहिल्या दोन पत्रांना आलेली उत्तरे सोबत जोडली आहेत. दोन्हींचा अर्थ एकच निघतो : माल चांगला आहे, तुम्हालाच बसवता आला नाही. तेव्हा या वेळी झालेले सगळे पहिल्यापासून लिहितो. पत्र लांबणार, त्याला इलाज नाही.

जुन्या रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेली असते, त्या कडेने कूलंट पाझरत होते. फॅनच्या मोटरचे बेअरिंगही कुरकुरायला लागले होते. एवढे उघडायचेच आहे तर दोन्ही एकदमच बदलू, म्हणून श्राउडसकट (फॅनभोवतीच्या आवरणासकट) फॅन असलेला पूर्ण संच मागवला. मागवण्याआधी गाडीचा चासी नंबर तुमच्या माणसाला सांगितला आणि ‘हाच भाग लागतो’ असे त्याच्याकडून लेखी घेतले. तेही जोडले आहे.

रेडिएटरबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. जाळी सरळ होती, होजची तोंडे बरोबर मापाची होती, कुठे गळती नाही. फक्त खाली ज्यावर रेडिएटर टेकतो त्या दोन रबरी बुशी खोक्यात नव्हत्या. जुन्या धुऊन वापरल्या. तेवढ्यावरून कोणी पत्र लिहीत नाही.

काम मी आणि माझ्या मेहुण्याने मिळून केले. त्याचा रोजचा धंदाच गाड्यांचा आहे, त्यामुळे ‘अनुभवी व्यक्तीकडून बसवून घ्यावे’ ही तुमच्या पत्रकावरची अट पुरी होते. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट काढले, होज सोडवले, नवा संच बसवला. फॅनचा प्लग गाडीच्या प्लगमध्ये ‘टक’ करून बसला. तो एकाच बाजूने बसतो, उलटा घालायची सोयच नाही. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा, पुढे लागेल. मग निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड वॉटर भरले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.

मोकळ्या रस्त्यावर गाडी अर्धा तास उत्तम चालली. तापमानाचा काटा मधोमध, हलायला तयार नाही. पहिल्या सिग्नलला थांबलो आणि एसीची हवा कोमट झाली. दुसऱ्या सिग्नलला काटा मध्याच्या वर चढला. चालायला लागलो की खाली, थांबलो की वर. स्कॅनर लावून पाहिले तर उभ्या गाडीत तापमान ११२ अंशांपर्यंत गेले. वाफ वगैरे काही नाही, कारण रेडिएटरची कॅप १.१ बार दाबाची आहे आणि त्या दाबाखाली कूलंट शंभराच्या बरेच वर जाईपर्यंत उकळत नाही. गाडीतले बाकीचे ‘अरे काही होत नाही’ म्हणत होते. मी एसी बंद केला, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडला, आणि घामाघूम होत गाडी घरी आणली. हीटरची छोटी जाळी थोडी उष्णता ओढून घेते. त्या दिवशी तेवढ्यावरच निभावले.

तुमच्या मदत कक्षाला फोन केला. उत्तर आले, ‘हवा अडकली असेल.’ पुन्हा हवा काढली. फरक नाही. पुन्हा फोन, पुन्हा हवा. तिसऱ्यांदा पुढची चाके उंचावर घेऊन काढली. मग तुमच्याच माणसाने सुचवले की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट उघडून देणारी झडप, अडकत असेल. तो बदलला, त्यासाठी कूलंट परत सांडले. जुना थर्मोस्टॅट नंतर पातेल्यात गरम पाण्यात टाकून पाहिला. त्यावर ८२ अंश कोरले आहे आणि पाणी तेवढे तापल्यावर तो शहाण्यासारखा उघडला. म्हणजे धडधाकट भाग तुमच्या सांगण्यावरून काढून टाकला.

खरे तर लक्षणच सांगत होते. पळत्या गाडीत समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो, तिथे फॅनचे फारसे काम नसते. उभ्या गाडीत सगळी भिस्त फॅनवर. मग बिघाड फॅनकडेच शोधायला हवा होता. पण फॅन तर जोरात फिरत होता, आवाजही दणदणीत. फिरतोय म्हणजे चालतोय, असे आम्ही धरून चाललो. ही आमची चूक, मान्य.

चौथ्या दिवशी मेहुणा बॉनेट न उघडता गाडीसमोर उकिडवा बसला, फॅन चालू झाला आणि तो म्हणाला, ‘तोंडावर भट्टी लागल्यासारखं का वाटतंय?’ या गाडीत फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि त्याने समोरची हवा आत ओढायची असते. समोर कागद धरला तर तो जाळीला चिकटून बसला पाहिजे. हाताला लागली ती तुमचीच पॅकिंग स्लिप. ती धरली आणि ती फडफडत उलटी आली, सुटली, मेहुण्याच्या छातीवर आपटून खाली पडली. दोनदा करून पाहिले, दोन्ही वेळा तेच. फॅन इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, त्यालाही तीच हवा. एसी आधी का कोमट झाला, याचे उत्तर तिथेच मिळाले.

तुमच्या दुसऱ्या उत्तरात ‘वाहनाच्या वायरिंगमध्ये फेरफार झाला असावा’ असे वाक्य आहे. ते वाचल्यावर आम्ही पुढच्या गोष्टी केल्या आणि तिन्हींचे चित्रीकरण ठेवले.

आधी जुना कुरकुरणारा फॅन त्याच गाडीच्या त्याच प्लगला जोडला. तो बरोबर दिशेने फिरला, हवा आत ओढली, कागद जाळीला चिकटला. म्हणजे गाडीची वायरिंग ठीक आहे. मग तुमचा फॅन टेबलावर घेऊन सुट्या बॅटरीला जोडला, जुन्या फॅनच्या प्लगमध्ये ज्या जागी प्लस येतो त्याच जागी प्लस देऊन. तो उलटा फिरला. नंतर प्लस-मायनसची अदलाबदल केली, तर सरळ फिरला आणि हवेचा जोरही चांगला लागला. साध्या डीसी मोटरला दोन तारा उलट दिल्या की ती उलट फिरते, हे शाळेतल्या प्रयोगवहीत असते. मोटर चांगली, पातीही चांगली. प्लगमध्ये दोन पिना भरताना जागा बदलल्या गेल्या आहेत. दोन्ही तारा काळ्या आहेत, एकीवर बारीक पांढरी रेघ आहे. ती रेघ जुन्या फॅनच्या प्लगमध्ये डाव्या खाचेत जाते, तुमच्यात उजव्या.

आणि एवढेही कशाला? तुमच्या श्राउडवरच फिरण्याच्या दिशेचा बाण साच्यात उठवलेला आहे. फॅन बंद करताना पाती सावकाश होतात तेव्हा दिशा डोळ्यांना दिसते. ती बाणाच्या बरोबर विरुद्ध आहे. खोक्यात भरण्यापूर्वी कोणी एकदा बॅटरी लावून बाणाकडे बघितले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते.

‘पिना तुम्हीच बदलून घ्या, दोन मिनिटांचे काम आहे’ असा तोंडी सल्ला तुमच्या एका कर्मचाऱ्याने दिला. दोन मिनिटांचे आहे, खरेच. पण मी पिनांना हात लावला की उद्या ‘ग्राहकाने छेडछाड केली’ म्हणून हमी रद्द करायला तुम्ही मोकळे. तसे लेखी द्या म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. म्हणून तारा आल्या तशाच आहेत.

उगाच फुगवून काही मागत नाही. इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापले तर वाकते, हेड गॅस्केट जाते आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळू शकते, ही धास्ती होती. पण गाडी वेळेत बंद केली, ऑइल दुधाळ झालेले नाही, कूलंटची पातळी उतरलेली नाही. इंजिनाचे नुकसान नाही, त्याची भरपाईही नको. सध्या तुमच्या रेडिएटरवर माझा जुना फॅन बसवला आहे. कुरकुरतो, पण गाडी वीस मिनिटे जागेवर चालू ठेवली तरी काटा मध्यावरच राहतो.

मला हवे ते असे. तुमच्या खर्चाने बदली फॅन, पाठवण्यापूर्वी बॅटरीवर दिशा तपासून, आणि तसे बिलावर लिहून. वाया गेलेल्या कूलंटची आणि विनाकारण घ्यायला लावलेल्या थर्मोस्टॅटची रक्कम, दोन्हींची बिले जोडली आहेत. दोन रबरी बुशी. आणि ‘फिटिंगची चूक’ हा शेरा माझ्या नोंदीतून काढल्याचे लेखी पत्र. यातले शेवटचे मला पैशांपेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण पुढे रेडिएटरला काही झाले तर हाच शेरा तुम्ही माझ्यापुढे धराल.

शिवाय एक गोष्ट माझ्या फायद्याची नसली तरी लिहितो. माझ्या फॅनच्या प्लगमध्ये पिना उलट गेल्या, तशा त्याच खेपेच्या इतर फॅनमध्येही गेल्या असण्याची शक्यता आहे. खेपेचा क्रमांक मोटरवरच्या चिठ्ठीवर आहे, त्याचा फोटो जोडला आहे. ज्यांना ते विकले आहेत ते या घडीला तुमच्याच सांगण्यावरून हवा काढत बसले असतील. त्यांना कळवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. मदत कक्षाकडून नको, ज्याने प्लग हातात घेऊन पाहिला आहे अशा माणसाकडून हवे. फॅन त्याच्या मूळ खोक्यात, पॅकिंग स्लिपसकट ठेवला आहे. तुमचा माणूस कधीही येऊन नेऊ शकतो. येण्याआधी फोन करावा, म्हणजे बॅटरी चार्ज करून ठेवतो आणि त्याच्यासमोर लावून दाखवतो.

आपला,
ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर)

सोबत : बिले, चासी नंबरवरून भाग निश्चित केल्याचा संदेश, तुमची दोन उत्तरे, तीन चित्रफिती, दोन्ही प्लगचे व मोटरवरील चिठ्ठीचे फोटो.