व्हिक्टोरियन बॅलेचा घेर सुती हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की बडोद्यात शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलनं सुरू होतात. त्यात ‘सिंड्रेला’, ‘हंससरोवर’ अशा बॅलेंवर बेतलेली नृत्यं असतात. निवेदनात ‘व्हिक्टोरियन काळ’ म्हटलेलं असतं आणि मुलींच्या कमरेला मात्र भाड्याने आणलेली, नायलॉनच्या जाळीची, तारेवर ताणलेली आडवी थाळी असते. ही थाळी विसाव्या शतकातली आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला टुटू, म्हणजे बॅले-नर्तकीचा थरांचा घेर, असा नव्हता, आणि तो आपल्या शहरात, इथल्याच शिंप्यांकडून, चांगला शिवून घेता येतो. नाट्य-नृत्याचे कपडे शिवणारे म्हणून याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं.

१८३२ साली पॅरिसच्या ऑपेरात मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’ नाचली, तेव्हा तिचा पांढरा, घंटाकृती घेर पोटरीपर्यंत उतरत होता. पुढच्या पन्नास वर्षांत तो गुडघ्यापाशी आला. १८८५ मध्ये विर्जिनिया झुक्की ही इटालियन नर्तकी सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिथल्या रिवाजाचा लांब घेर घालायला तिने नकार दिला. तिच्यामागून आलेल्या पिएरीना लेन्यानीने १८९३ मध्ये ‘सिंड्रेला’त सलग ३२ फुएते घेतले, १८९५ च्या ‘हंससरोवर’मध्ये ते पुन्हा दिसले. फुएतेत एका पायाच्या टोकावर उभं राहून दुसरा पाय दर गिरकीला बाहेर फेकायचा असतो. लांब घेर त्या पायाला गुंडाळतो आणि पाय दिसतही नाही. घेर आखूड झाला तो या कारणाने. तरीही शतक संपेपर्यंत तो उतरताच राहिला, आडवा झाला नाही.

कमरेखालचं कापड नाचाच्या गरजेने बदललं, कमरेवरचं मात्र रस्त्यावरच्या फॅशनने. १८८० च्या दशकात बायकांच्या चोळ्या लांब, घट्ट, पुढे टोक काढलेल्या होत्या, नर्तकींच्याही तशाच. १८९५ च्या सुमारास बाहेर बाह्या खांद्याशी प्रचंड फुगल्या. रंगमंचावर हात मोकळा लागतो, म्हणून तिथे खांद्यावर एक लहान फुगा पुरे. भूमिका परीची असो वा राजकन्येची, कपाळावर त्या काळच्या कुरळ्या बटा असायच्याच. लंडनमध्ये हे नाच ऑपेरापेक्षा लेस्टर स्क्वेअरमधल्या अल्हाम्ब्रा आणि एम्पायर या नाट्यगृहांत जास्त रंगले. एम्पायरने १८९८ मध्ये ‘द प्रेस’ नावाचा बॅले केला. त्यात नर्तकी चक्क वृत्तपत्रं बनून आल्या होत्या. आपल्या वाचकांना हे ऐकून आनंद वाटेल.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो. ‘ला बायादेर’ (१८७७) ची नायिका निकिया भारतातली देवदासी, म्हणून तिला भरतनाट्यमचा पोशाख चढवतात. पीटर्सबर्गच्या मूळ प्रयोगात तिच्या अंगावर नेहमीचाच घेर होता. वरून थोडी पौर्वात्य नक्षी आणि दागिने. युरोपने खऱ्या देवदासी पाहिल्याच नव्हत्या असंही नाही, १८३८ मध्ये पाँडिचेरीकडच्या नर्तकी पॅरिस आणि लंडनला नाचून आल्या होत्या. बडोद्यात तर १८८० साली सयाजीराव महाराजांच्या लग्नात तंजावरहून आलेल्या नर्तकी दरबारात नाचत. ज्या शहराने तो नाच प्रत्यक्ष पाहिला, त्या शहराने तरी या दोन पोशाखांची सरमिसळ करू नये.

आता शिवण. त्या काळचं कापड टार्लटन, म्हणजे विरळ विणीचं, खळ दिलेलं सुती कापड. ते इथे सहज मिळत नाही. वरच्या दोन थरांना ऑर्गंडी (पातळ, कडक सुती कापड) आणि आतल्या सहा थरांना खळ दिलेली मलमल वापरली तर पडणं जवळजवळ तसंच येतं. दोन्ही कापडं मंगळ बाजारात मिळतात. घेर थेट कमरेवर बसवू नये. कमरेखाली चार इंच उतरणारा, अंगासरशी बसणारा पट्टा आधी शिवावा आणि थर त्याच्या खालच्या कडेला लावावेत. तिथला घेर ३४ इंच असेल तर दर थराला त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे सव्वाचार मीटर लांबीची पट्टी लागते. कापड ४४ इंच पन्ह्याचं असेल तर पन्ह्यात दोन पट्ट्या निघतात. आठ थरांना १८ मीटर पुरतं. वरचा थर २० इंच खोल, मग प्रत्येक थर अर्धा इंच कमी, सर्वांत आतला साडेसोळा. आतला थर सर्वांत आखूड आणि सर्वांत कडक, कारण वरचे सगळे त्याच्यावर तोललेले असतात. बहुतेकदा इथेच चूक होते: आतून मऊ अस्तर आणि वर कडक जाळी लावतात, मग घेर मधूनच मोडतो.

सगळे थर एकाच रेषेवर शिवले तर तिथे वळकटी होते आणि मशिनची सुई मोडते. आतल्या थरापासून सुरुवात करून दर थर पट्ट्यावर पाव इंच वर सरकवत न्यावा. शेवटी थर एकमेकांना इंचभर सैल दोऱ्याने जागोजागी टाचावेत, म्हणजे ते एकत्र हलतात. आणि कड दुमडू नये. चणियाचोळी शिवणारा कारागीर सवयीने कडेला भरीव पट्टी लावतो. तिच्या वजनाने गिरकीत घेर उघडतो, हे गरब्याला हवंच. इथे तेच वजन थरांना खाली ओढतं. कारागिराला हे आधीच सांगावं, आणि काम नवरात्रीनंतर द्यावं, त्याआधी कोणी हाती लागत नाही.

खळीसाठी लिटरभर पाण्याला ४० ते ५० ग्रॅम साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळून घ्यावा. याहून दाट केली तर कापडावर पांढरे डाग पडतात आणि घडीवर खळ तडकते. इस्त्री कापड दमट असतानाच. कमरेच्या पट्ट्याला खळ अजिबात नको. घामाने ती चिकट होते आणि कातडी सोलते. चोळीचे हूक एक आड एक उलट लावावेत, म्हणजे श्वास भरला तरी सुटत नाहीत.

आणि आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिलं ते. हा विरळ सुती घेर झपाट्याने पेटतो. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर नाचताना दिव्याने पेटली आणि काही दिवसांत गेली. पॅरिसमध्ये १८५९ च्या हुकुमाने नाट्यगृहातले कपडे अग्निरोधक द्रावणात बुडवणं सक्तीचं झालं होतं. पण त्याने कापड कडक आणि मळकट दिसतं म्हणून तिथल्या एमा लिव्री या नर्तकीने ते नाकारलं. १५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीत तिचा घेर गॅसच्या दिव्याला लागला. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३ मध्ये ती मरण पावली. तेव्हा ती विशीतच होती.

आज गॅसचे दिवे नाहीत, पण रंगमंचावर समया, मेणबत्त्या, थंड फटाके असतात आणि विंगेत तापलेले हॅलोजन. नायलॉन सुरक्षित आहे हा समजही खोटा. ते वितळून कातडीला चिकटतं. सुती कापडावर निदान उपाय चालतो: लिटरभर कोमट पाण्यात ७० ग्रॅम बोरॅक्स आणि ३० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून, खळ सुकल्यावर दोन्ही बाजूंनी ओलं होईल इतकं फवारावं. आधी हे आणि मग खळ असं केलं तर खळीच्या पाण्यात सगळं निघून जातं. फवारणी मोठ्यांनीच करावी, हातमोजे घालून, मुलांपासून आणि स्वयंपाकघरापासून लांब. घेराच्या आत साधी सुती चड्डी असावी, म्हणजे ते कापड अंगाला लागत नाही. एकदा धुतलं की परिणाम संपतो, पुन्हा फवारावं लागतं. नायलॉनवर या द्रावणाचा भरवसा धरू नये.

प्रयोगाआधी त्याच कापडाची, तशीच फवारलेली पट्टी चिमट्यात धरून उघड्या अंगणात दहा-बारा सेकंद ज्योतीवर धरावी. ज्योत काढल्यावर ती लगेच विझली पाहिजे. जळत राहिली तर तो घेर रंगमंचावर जाऊ देऊ नये. स्नेहसंमेलनाला परवानगी देताना मुख्याध्यापकांनी अशी पट्टी समोर जाळून दाखवायला सांगावी, एवढी आमची मागणी आहे.

नंतर घेर उलटा टांगून सुती पिशवीत ठेवावा. प्लास्टिकमध्ये ठेवला तर पावसाळ्यात खळीवर बुरशी येते आणि कसर लागते.

आपले,
नाट्य-नृत्य वेशभूषेचं काम करणारी मंडळी,
दांडिया बाजार, वडोदरा