वादळानंतर तळ कोण बघतो?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरचा लेख वाचला. लाटेची उंची, वाऱ्याचा वेग, पोलादाची जाडी, सगळं आलं. समुद्राच्या तळाबद्दल मात्र एक ओळ नाही. मी ठेकेदाराकडे रिगर, म्हणजे जड सामान दोरखंडांनी बांधून उचलणारा कामगार, म्हणून मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात 11 वर्षं काढली, म्हणून लिहितोय.

आमच्या केरीच्या किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात उभं राहा. लाट मागे फिरली की टाचेखालची वाळू सरकते. प्लॅटफॉर्मच्या पायांचंही तेच. पायाला वळसा घालणारा प्रवाह भोवती खड्डा कोरत जातो. आम्ही त्याला 'स्कावर' म्हणायचो. पाइल, म्हणजे पाय धरून ठेवणारे पोलादी खांब, तळात खोल ठोकलेले असतात, त्यामुळे डेकवर काही कळत नाही. पण जेवढी माती गेली तेवढा पाय उघडा पडला.

मऊ गाळ असला तर विचारूच नका. सप्टेंबर 2004 मध्ये इव्हान वादळात अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या मुखासमोरचा एक प्लॅटफॉर्म कोसळला, तो वाऱ्याने नव्हे. लाटांच्या दाबाने तळाचा गाळच घसरला आणि त्याला आडवा करून घेऊन गेला. विहिरी गाळात गाडल्या गेल्या. गळणारं तेल धरण्याची सोय बसायला 2019 उजाडलं.

आपला तळ तसा नाही, मान्य. पण मे 2021 मध्ये तौक्ते वादळ गोव्याला घासून वर सरकलं आणि मुंबईसमोर पी-305 या बार्जच्या, म्हणजे कामगार राहायचे त्या सपाट तळाच्या जहाजाच्या, नांगरांनी दगा दिला. बार्ज वाहत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळलं, बुडालं. 261 पैकी 70हून अधिक माणसं गेली. नांगर काय, पाइल काय, दोघांचीही भिस्त तळावरच.

माझा अनुभव सांगतो. एका वादळानंतर आम्हाला 3ऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने परत चढवलं. डायव्हर पाण्यात उतरले 17व्या दिवशी. तोवर आम्ही वर जेवत होतो, झोपत होतो, रात्री पत्तेही खेळत होतो. वर आलेल्या डायव्हरला विचारलं, खड्डा किती खोल? त्याने नुसता छातीला हात लावून दाखवला.

गोव्यातल्या बेतूलला 2024 मध्ये समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. बुडत्या हेलिकॉप्टरमधून कसं सुटायचं, ते तिथे शिकवतात. चांगलंच आहे. आता वादळानंतर कामावर चढण्याआधी तळाच्या तपासणीचा कागदही पोरांच्या हातात द्या. आणि तो त्यांना वाचता येईल अशा भाषेत असू द्या.

– एक निवृत्त रिगर, केरी-तेरेखोल, पेडणे