फाइल न दिल्याबद्दल आभार

मॅडम,

सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायचे तर सुरुवात तुम्ही जे दिलं नाहीत तिथूनच करावी लागेल. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम सोर्समधून (मूळ कोडमधून) बिल्ड करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती: तुमची एसआरसी डॉट कॉन्फ फाइल, म्हणजे बिल्डमध्ये काय घ्यायचं, काय वगळायचं ते सांगणारी. ती ईटीसी या सेटिंग्जच्या डिरेक्टरीत टाकायची, बिल्ड करणाऱ्या मेक या प्रोग्रॅमने ‘मेक बिल्डवर्ल्ड’ (कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सोडून बाकी सगळ्याचं बिल्ड) चालवायचं, विषय संपला. तुम्ही म्हणालात, “माझी फाइल माझ्या मशीनसाठी आहे. तुमच्याकडे आहे ती उघडा, ओळ न् ओळ वाचू.” खरं सांगतो, तेव्हा जरा रागच आला होता. हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण अशी वारशाने आलेली फाइल आणखी कितीतरी जणांच्या गळ्यात असणार.

आमची फाइल आधीच्या ॲडमिनकडून आली होती. ओळींवर ओळी, आणि कॉमेंट नावाला एकही नाही. तुम्ही पहिलं बोट ठेवलंत ते ‘विदाउट_झेडएफएस=नो’ या ओळीवर. झेडएफएस ही डिस्कवर फाइल्स ठेवायची एक फाइलसिस्टिम, आणि ‘विदाउट’ म्हणजे ती वगळा. वाचणाऱ्याला वाटावं, झेडएफएस वगळू नका असं सांगितलंय. पण मेक उजवीकडची किंमत बघतच नाही. नाव फाइलमध्ये आहे एवढंच त्याला पुरतं. पुढे ‘येस’ लिहा, ‘नो’ लिहा, काहीच लिहू नका. मॅन्युअलच्या पानावर हे स्वच्छ छापलेलं आहे. जुन्या मशीनवर यूएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम होती, त्यामुळे ही ओळ कुणाच्या अंगावर आली नव्हती. नव्या मशीनची अख्खी रूट फाइलसिस्टिम झेडएफएसवर. तिथे ही ओळ तशीच गेली असती तर झेडएफएसचं कर्नल मॉड्यूल, लायब्ररी आणि कमांड्स यातलं काहीच बिल्ड झालं नसतं.

मग तुम्ही मला ‘मेक शोकॉन्फिग’ चालवायला लावलंत. स्क्रीनवर एमके_ने सुरू होणाऱ्या नावांची लांबलचक यादी आली, प्रत्येकासमोर येस किंवा नो. फाइलमध्ये काय लिहिलंय ते सोडा, मेकला त्यातून काय समजलंय ते इथे बघा, असं तुम्ही म्हणालात. झेडएफएससमोर ‘नो’ होतंच. पण खरी गंमत पुढे होती. फाइलमधल्या काही ओळींचा या यादीत मागमूसच नव्हता. त्यातली एक होती ‘विदाउट_बाइंड’. बाइंड (नावांवरून पत्ते शोधून देणारं डीएनएस सॉफ्टवेअर) तर 2014 साली आलेल्या 10.0 आवृत्तीतच मूळ सिस्टिममधून काढून टाकलं गेलं, त्याच्या जागी अनबाउंड आलं. जे झाडच उरलं नाही ते तोडा, असा आदेश आमची फाइल वर्षानुवर्षं देत होती, आणि मेकनेही त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. अनोळखी नाव दिसलं तर मेक गप्प राहतं. स्पेलिंग चुकलं तरी गप्पच राहतं, आणि हे जास्त वाईट.

त्यानंतर मी तुम्हाला विचारलं होतं, अजून काय काय काढता येईल? तुम्ही उत्तर न देता मॅन्युअलमधली ‘विदाउट_ओपनएसएसएल’ची नोंद उघडायला सांगितलीत (ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी). त्याखाली आणखी एक यादी असते: हा पर्याय घेतलात तर हेही पर्याय आपोआप लागू होतील. त्यात ओपनएसएसएच आहे, दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायचं साधन. म्हणजे एक ओळ लिहिली की लॉगिन करायचा दरवाजाही त्याच्याबरोबर जातो. तो लगेच जात नाही, हे तुम्ही समजावलंत ते फार मोलाचं होतं. बिल्ड झालेलं मशीनवर बसवणारी इन्स्टॉलवर्ल्ड कमांड जुन्या फाइल्स पुसत नाही, त्यामुळे जुना एसएसएचडी (ओपनएसएसएचचा सर्व्हर) डिस्कवर तसाच पडून राहतो, चालतही राहतो, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग सगळ्यात शेवटी, साफसफाई म्हणून, आपण ‘मेक डिलीट-ओल्ड’ चालवतो. वगळलेल्या पर्यायांच्या फाइल्स हटवणं हे त्याचं कामच. दूरच्या मशीनवर हे झालं तर पुढचं लॉगिन कन्सोलसमोर बसूनच. डिलीट-ओल्ड एकेका फाइलबद्दल परवानगी विचारतं. पण त्या प्रश्नांना कंटाळून लोक काही न विचारता हटवणारा बॅच मोड लावतात, हे तुम्ही हसत सांगितलंत तेव्हा मी गप्प बसलो.

क्लँग या कंपाइलरचंही तसंच. बिल्डवर्ल्डचा बहुतेक वेळ एलएलव्हीएम (क्लँगचा पाया) आणि क्लँग कंपाइल होण्यातच जातो, म्हणून ‘विदाउट_क्लँग’ लिहायचा मोह कुणालाही होईल. छोट्या मशीनसाठी तो पर्याय योग्यच. मोठ्या मशीनवर बिल्ड करायचं, यूएसआर-एसआरसी आणि यूएसआर-ओबीजे या डिरेक्टऱ्या एनएफएसवरून (नेटवर्कवरून) माउंट करायच्या आणि लहान मशीनवर फक्त इन्स्टॉल करायचं. तिथे कंपाइलर हवाय कशाला? पण जे मशीन स्वतःचं बिल्ड स्वतःच करतं, त्याला पुढच्या वेळी कंपाइलर कोण देणार? वेळ वाचवायचा असेल तर मेटा मोड वापरा, असं तुम्ही सुचवलंत. फाइलमॉन हे कर्नल मॉड्यूल लोड करायचं, आणि ‘विथ_मेटा_मोड’ लिहायचं ते एसआरसी डॉट कॉन्फमध्ये नाही, तर एसआरसी-ईएनव्ही डॉट कॉन्फमध्ये, कारण मेकला ते फार आधी कळावं लागतं. त्यानंतरच्या बिल्डमध्ये जे बदललंय तेवढंच पुन्हा कंपाइल होतं. पहिल्या बिल्डला काही फरक पडत नाही. दुसऱ्या वेळी मात्र मी चहा घेऊन येईपर्यंत प्रॉम्प्ट परत आला होता.

मेक डॉट कॉन्फ या दुसऱ्या फाइलबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत, पण जे बोललात ते झोंबणारं होतं. आमच्या फाइलमध्ये कुणीतरी सीफ्लॅग्जला, म्हणजे कंपाइलरच्या सूचनांना, ‘-ओ3’ ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावून ठेवली होती. “ओ आणि ओ2 सोडून बाकीच्या पातळ्यांना सपोर्ट नाही, असं पानावर लिहिलंय. मग कुणाला भारी वाटावं म्हणून हे ठेवलंय?” शिवाय ती फाइल सोर्सपुरती नसतेच, पोर्ट्स (बाहेरचे प्रोग्रॅम) बिल्ड करा किंवा आणखी काही, मेक चाललं की ती वाचली जाते. फक्त सोर्स बिल्डसाठी वेगळी फाइल असावी म्हणून तर 7.0मध्ये एसआरसी डॉट कॉन्फ आली. कोणत्या प्रोसेसरसाठी बिल्ड करायचं ते सांगणारी सीपीयूटाइपची ओळही तुमच्या सांगण्यावरून काढली. नव्या प्रोसेसरसाठी केलेलं बिल्ड जुन्या प्रोसेसरवर नेलं की तिथे अनोळखी इन्स्ट्रक्शन येते आणि प्रोग्रॅम तिथेच मरतो. आमच्याकडे दोन्ही पिढ्यांची मशीन्स आहेत.

कर्नलच्या कॉन्फिगचं मला सगळ्यात जास्त आवडलं. सिस्टिमबरोबर येणाऱ्या जेनेरिक या मूळ कॉन्फिग फाइलची अख्खी कॉपी करून त्यातल्या ओळी खोडत बसायची आमची जुनी रीत. तुम्ही ती सगळी बाजूला सारलीत आणि वर लिहिलंत ‘इन्क्लूड जेनेरिक’, खाली ‘आयडेंट’ आणि नवं नाव, मग जे नको त्याच्यासाठी ‘नोडिव्हाइस’ आणि ‘नोऑप्शन्स’. बस्स. उद्या जेनेरिकमध्ये काही नवं आलं तर ते आपोआप मिळतं, आणि आपण काय बदललंय ते एका नजरेत दिसतं. कॉपी केलेली फाइल मात्र प्रत्येक आवृत्तीगणिक मूळ फाइलपासून दूर जात राहते.

इन्स्टॉलचा क्रमही तुम्ही कारणासकट सांगितलात. कर्नल आधी, मग रीबूट, मग वर्ल्ड (बाकीची सिस्टिम). नव्या कर्नलवर जुने प्रोग्रॅम चालतात, जेनेरिकमधले कम्पॅट पर्याय त्यासाठीच असतात. जुन्या कर्नलवर नवे प्रोग्रॅम चालतीलच याची खात्री कुणी देत नाही. आणि नवा कर्नल उठलाच नाही तर आधीचा ‘कर्नल डॉट ओल्ड’ या नावाने शेजारीच असतो, बूट होताना लोडरमधून तो निवडता येतो. सोर्सबरोबर येणारी अपडेटिंग फाइल आधी वाचायची हे तर तुम्ही इतक्यांदा म्हणालात की आता हात आपसूक तिकडे जातो.

तुमचा एक नियम आम्ही टीममध्ये जसाच्या तसा उचललाय: प्रत्येक ओळीवर कॉमेंट, का आणि कुणासाठी ते लिहायचं, कारण सांगता आलं नाही तर ओळ जाणार. त्या एका नियमाने आमची फाइल एका स्क्रीनमध्ये मावू लागली. बिल्ड फुटलं की आता आम्ही आधी एसआरसीकॉन्फ आणि मेककॉन्फ दोन्ही डेव्ह-नलकडे, म्हणजे रिकाम्या फाइलकडे, वळवून चालवून बघतो. तसं चाललं तर दोष आमच्या फाइलमध्ये, नाही तर मूळ सोर्समध्ये. कुणावर चिडायचं ते तरी लवकर कळतं.

एक ओळ अजून अडली आहे, तेवढी तुमच्या कानावर घालतो. ‘विदाउट_लिब32’, म्हणजे 32 बिटी प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्ररी वगळा. एका जुन्या 32 बिटी प्रोग्रॅमचा फक्त बायनरी आमच्याकडे आहे, सोर्स कुणाकडेच नाही, म्हणून ती ओळ सध्या कॉमेंट करून ठेवली आहे. वर लिहिलंय: ‘हिशेब विभागाचा जुना प्रोग्रॅम बंद झाला की चालू करा.’ तो या तिमाहीत बंद होईल असं तिकडून सांगतात. तसं झालं तर शोकॉन्फिगची नवी यादी तुम्हाला पाठवतो. सवड मिळेल तेव्हा एकदा नजर टाका.

आपला नम्र,
तुमचा वेळ खाल्लेला एक सिस्टिम ॲडमिन