‘कधीच न चिकटणाऱ्या’ परकराबद्दल तक्रार

दिनांक : २० जानेवारी

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘अँटी-स्टॅटिक’ परकर दोन धुण्यांत निकामी झाल्याबद्दल व लेबलवरील खोट्या मजकुराबद्दल

महोदय,

नागपुरात मी बावीस वर्षं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम करते. ३ डिसेंबरला तुमच्या संकेतस्थळावरून सहा काळे परकर मागवले, एकेक ५४९ रुपयांना. इतवारीत पॉपलीनचा परकर निम्म्याहून कमी पैशांत मिळतो. तरी तुमचे घेतले ते लेबल वाचून. त्यावर छापलंय : ‘६० टक्के सुती’, ‘अँटी-स्टॅटिक’ आणि ‘कितीही धुवा, साडी चिकटणार नाही’.

चार परकर गिऱ्हाइकांना दिले, एक मी ठेवला, एक रत्नागिरीला बहिणीला पाठवला. पहिल्यांदा नेसला तेव्हा साडी खरंच चिकटली नाही, हे कबूल करते. दोनदा धुतल्यावर मात्र सगळं संपलं. आमच्याकडे जानेवारीत हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक ताई काळी जॉर्जेट नेसून गेल्या. निऱ्या गुडघ्यांत अडकल्या, पदर पोटाला चिकटला. चारचौघींत त्या सारखी साडी सोडवत होत्या, आणि वाणाच्या स्टीलच्या डब्याला हात लावला तर बोटाला झटका! रात्री मला फोन आला. परकर तुमचा असला तरी बोलणी मीच खाल्ली.

तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, ‘मॅडम, स्थिर विद्युत नैसर्गिक असते. शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घाला, पायांना मॉइश्चरायझर लावा, आतून सेफ्टी पिन टोचा.’ या युक्त्या मलाही ठाऊक आहेत. घाईत मी ओला हात परकरावरून फिरवते, तेवढ्यापुरतं भागतं. पण हे सगळं मीच करायचं, तर ५४९ रुपये कशाचे दिले?

मग मी कापडाच्या आतल्या बाजूचा उभा आणि आडवा असे दोन धागे काढले आणि जाळून पाहिले. (शिलाईचा दोरा नव्हे, तो बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो.) सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. इथे दोन्ही धागे वितळले, काळा धूर झाला आणि टोकाला कडक मणी उरला. यात ६० टक्के कापूस कुठे आहे?

सुती कापड साधारण हवेत वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. ओलावा असला की घर्षणाने साचलेली वीज निघून जाते. नसला की कापडातच अडकते आणि साडी अंगाला चिकटते. तुमच्या परकरावर नुसता वरवरचा लेप असावा, तो साबणाबरोबर वाहून गेला. रत्नागिरीच्या बहिणीची काहीच तक्रार नाही. असणार कशी, तिकडे हवेतच ओलावा! तुम्ही चाचणी घेतली असेल तर तीही समुद्रकाठीच घेतली असणार.

माझ्या मागण्या अशा : पाच परकरांचे २,७४५ रुपये परत करावेत आणि परतीच्या कुरियरचा खर्च कंपनीने सोसावा. कापडात नक्की काय आहे ते लेखी कळवावं. ‘कितीही धुवा’ हे शब्द लेबलवरून काढावेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. चौघींचे पैसे मी माझ्या खिशातून आधीच परत केले आहेत.

परकर धुऊन, इस्त्री करून ठेवले आहेत. सहावा बहिणीकडेच राहू द्या, त्याचे पैसे मी मागत नाही.

आपली ग्राहक,
एक शिवणकाम व्यावसायिक, नागपूर

सोबत : बिलाची प्रत, लेबलचा फोटो, जळालेले दोन धागे