सज्जा पडला, बिल मला : ब्रिटनच्या वारसा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सा. न. वि. वि.

ज्यांना ज्यांना लिहायचं त्यांना इंग्रजीत लिहून झालं. दर वेळी यंत्राने माझे आभार मानले. आता मराठीत लिहिते. आपण वाचणार नाही हे दोन्हीकडे सारखंच. निदान माझी माणसं तरी वाचतील.

मी इंग्लंडच्या समुद्रकाठी, ब्राइटनला लागून असलेल्या होव्हमध्ये राहते. 1820 च्या दशकातल्या, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या फिकट पिवळ्या इमारती आपण चित्रांत पाहिल्या असतीलच. गेल्या महिन्यात कामावर निघाले, तर आमच्याच इमारतीच्या सज्जाचा नारळाएवढा गिलावा सुटला आणि माझ्या डाव्या मनगटावर बसला. हात वर गेला म्हणून डोकं वाचलं. हाड दोन ठिकाणी मोडलं.

तो तुकडा मी उचलून आणून ओट्यावर ठेवलाय. वरून गुळगुळीत रंग, खाली रंगाचेच थरावर थर, मग बोटभर जाडीचं करडं सिमेंट, आणि सिमेंटमागे ओली रेती, नखाने उकरली तरी भुगा होते. मूळ काम चुन्याचं. चुना पाणी घेतो आणि सोडतोही. कुणीतरी स्वस्तात सिमेंटची ठिगळं मारली, पाणी मागे अडकलं, थंडीत गोठून फुगलं आणि ठिगळ सुटलं. ब्राइटनच्या जुन्या भिंती म्हणजे विटांचे तुकडे, गारगोट्या आणि हाताला लागेल ते चुन्यात कालवून केलेला भराव. इथे त्याला ‘बंगरूश’ म्हणतात, आणि पाण्याचा पाइप नीट रोखून धरला तर अर्धं गाव वाहून जाईल असा विनोद इथलेच लोक करतात. राजेशाही थाट आहे तो वरच्या गिलाव्याचा. आमच्या भागात ठरावीक वर्षांनी दर्शनी बाजू रंगवायची, तीही सगळ्यांनी एकाच रंगात, असा कायदा आहे. रंगाला कायदा! रंगाखाली काय कुजतंय ते बघायला कुणी नाही.

तक्रार केली. एका कार्यालयाने सांगितलं, मालमत्ता खासगी आहे. मालक कंपनीने सांगितलं, वारसा इमारत आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. परवानगीवाल्यांनी सांगितलं, अर्जच आलेला नाही. तिघंही अगदी सभ्य. मग एक गृहस्थ प्रत्यक्ष येऊन वर बघून गेले आणि महिनाअखेर दुरुस्ती सुरू होईल असा शब्द दिला. महिना संपला. दुरुस्तीच्या जागी बिल आलं, परांचीचं, सगळ्या सदनिकांत वाटून. ज्या सज्जाने माझा हात मोडला त्याच्या परांचीचे पैसे मीही भरायचे, वर 20 टक्के व्हॅट.

पोळ्या लाटता येत नाहीत. वेणी घालता येत नाही, नवरा क्लिप लावून देतो ती तिरकी. रात्री कुशी बदलली की कळ डोक्यापर्यंत जाते. कामावर अर्धा पगार. आणि रोज त्याच सज्जाखालून जायचं, कारण दरवाजा तेवढाच आहे.

आता व्हॅटचं बोलू. या देशात नवं घर बांधा, व्हॅट शून्य. दोनशे वर्षांचं घर दुरुस्त करा, 20 टक्के. 2012 पर्यंत वारसा इमारतींतल्या मंजूर फेरबदलांना तरी सूट होती, तीही काढून घेतली. तुमचं खातं म्हणतं जपा, अर्थखातं जपणाऱ्याला दंड करतं. एकाच मंत्रिमंडळात बसता ना तुम्ही? चहाला तरी भेटत असाल.

मी मूळची मालवणची. खारं वारं लोखंडाचं काय करतं ते आम्हाला शिकवावं लागत नाही, वेळच्या वेळी खरवडून रंग मारला नाही तर गेलंच. इथे समुद्रावर मडेरा टेरेस आहे, 1890 च्या दशकातल्या बिडाच्या 151 कमानी. गंजू दिल्या, मग धोकादायक म्हणून कुंपण घातलं. 2017 मध्ये लोकांनी वर्गणी काढून साडेचार लाख पौंडांच्या वर उभे केले. काम सुरू व्हायला 2024 उजाडलं, तेही पहिल्या 28 कमानींचं! 1866 चा वेस्ट पियर, म्हणजे समुद्रात गेलेला फिरायचा धक्का, तर पहिल्या श्रेणीचा वारसा. 1975 ला बंद, 2002 ला वादळात त्याचा काही भाग कोसळला, 2003 ला जळला, 2004 ला लॉटरीचा निधी मागे घेतला. त्याच्यासमोर 2016 ला काचेचा कक्ष वरखाली नेणारा मनोरा मात्र सरकारी कर्जातून उभा राहिला. त्याची कंपनी 2024 ला बुडाली आणि पालिकेने पाच कोटी पौंडांच्या वर रक्कम सोडून दिली. रुपयांत पाचशे कोटी तरी झालेच. आमच्या सज्जासाठी कुणाकडे छदाम नाही.

ब्राइटनचा घुमटांचा राजवाडा, रॉयल पॅव्हेलियन, तो तरी कुणी वाचवला? राणी व्हिक्टोरियाला नको झाला, 1850 ला गावाने 53,000 पौंडांना घेतला. 1914 ला त्याच घुमटांखाली जखमी हिंदी सैनिकांच्या खाटा लागल्या, त्यांचे फोटो काढून पोस्टकार्डं छापली. देखावा करायला तुमचा हात कुणी धरणार नाही, तेव्हाही आणि आताही.

आणि मी तरी कसली मालकीण! पैसे मोजून घर घेतलं, पण ते भाडेपट्ट्यावर. जमीन मालक कंपनीची, भिंत त्यांची, ठेकेदार त्यांनी नेमलेला, बिल आमचं. 2024 मध्ये भाडेपट्टा सुधारणेचा कायदा केलात, त्यातली कितीतरी कलमं अजून लागू व्हायची आहेत. सज्जे तेवढे थांबत नाहीत. सावंतवाडीच्या संस्थानातसुद्धा सारा कुणाला भरायचा ते माणसाला ठाऊक असे. इथे कंपनीमागे कंपनी, आणि शेवटी एक टपालपेटी.

दुरुस्तीवरचा व्हॅट काढा. समुद्रावरच्या या सज्जांची तपासणी कोण करणार त्याचं नाव द्या. नाव माणसाचं हवं, विभागाचं नको. परांचीचं बिल सोबत जोडलं आहे. भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, तेवढी बघून घ्या.

आपली,
होव्हमधली एक भाडेपट्टेदार