काचेतली बाळं

नाशिकरोड
३१ ऑगस्ट २०२५

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडलास आणि मीही धड बोलले नाही. घरात पाहुणे, गॅसवर कुकर, त्यात तुझा आवाज चढलेला. आज गौरी आल्या. उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं काढली, काकूने ताट वाजवत त्यांना घरभर फिरवलं, ‘इथे काय आहे? इथे धान्य आहे’ म्हणत. आता सगळे झोपलेत. उद्या सोळा भाज्या करायच्या आहेत, पण आधी हे लिहिते.

गाझातलं युद्ध थांबवा म्हणून पाटी घेऊन उभी असतानाचा माझा तो फोटो ग्रुपवरून काढायला मी त्याच रात्री सांगितलं आणि तो निघालाही. माझ्यापायी तुझ्या नोकरीत कुणी तुला दोन शब्द बोलू नयेत. पण शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा स्मारकापाशी पाटी घेऊन उभं राहणं मी सोडणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तू विचारलंस, “आई, तुझा आणि गाझाचा संबंध काय?”

माझी तीस वर्षं कुठल्या खोलीत गेली ते तुला माहीत आहे. लोक म्हणतात, ‘बाळ काचेत ठेवलंय.’ त्या काचेच्या पेट्यांच्या खोलीत. तिथली एक रात्र मी तुला कधी सांगितली नाही, कारण तू तेव्हा लहान होतास आणि नंतर सांगायचं राहून गेलं. भारनियमनाचे दिवस होते. जानेवारी महिना, बाहेर नाशिकची ती हाडात शिरणारी थंडी. लाइट गेली. ती रोजच जायची, पण त्या रात्री जनरेटर लागेना. खोलीत पाच बाळं. सगळ्यांत लहान अकराशे ग्रॅमचं. एवढ्याशा जिवाच्या कातडीखाली चरबी नसते रे. त्याला आपल्यासारखं कुडकुडताही येत नाही. ते रडत नाही, काही नाही, नुसतं गार पडत जातं. आम्ही हाताची मागची बाजू आधी पावलाला लावून बघतो, मग पोटाला. पावलं गार आणि पोट गरम असेल तर अजून वेळ आहे. पोटही गार लागलं की आपल्याच हातापायांतलं बळ जातं.

बॅटरीच्या उजेडात मी आयांना उठवलं. दोघींचे टाके ओले होते, तरी चौघी भिंतीला टेकून बसल्या. उघडी बाळं त्यांच्या उघड्या छातीवर ठेवली, वरून पांघरुणं. पाचव्या बाळाची आई शुद्धीवर नव्हती. तिची सासू सुरगाण्याकडची, पायात चप्पल नाही, दोन दिवस व्हरांड्यात बसून होती. तिला आत बोलावलं. ती काही विचारायला थांबली नाही. चोळीच्या गाठी सोडल्या, बाळ पोटाशी घेतलं आणि लुगड्याचा पदर त्याच्याभोवती असा गुंडाळला की मला फक्त टाळूवरचे केस दिसत होते. मी आणि वॉर्डातल्या मावशी एकेकीपाशी जाऊन श्वास मोजत होतो. पाऊण तास. लाइट आली तेव्हा बाळं परत पेट्यांत ठेवताना मी मोजली. पाच.

छातीवर बाळ ठेवायची ही रीत आम्हाला प्रशिक्षणात शिकवली होती. तिची सुरुवात झाली कोलंबियात, बोगोटा शहरातल्या एका रुग्णालयात, १९७८ मध्ये. तिथे पेट्या कमी आणि बाळं जास्त, म्हणून डॉक्टरांनी बाळ आईच्या अंगालाच बांधायला सुरुवात केली. सुरगाण्याच्या त्या आजीला बोगोटा माहीत असायचं कारण नव्हतं. तिकडच्या कुणा बाईला आपलं नाशिक माहीत असायचंही नव्हतं. पण तिकडची कळकळ त्या रात्री आपल्याकडे कामी आली. संबंध काय, असं तू विचारलंस तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं, पण कुकरच्या शिट्ट्यांत ते सांगता येईना.

आता २०२३ ची दिवाळी आठव. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. गाझातल्या अल-शिफा रुग्णालयाचं इंधन संपून वीज गेली आणि अपुऱ्या दिवसांची बाळं पेट्यांतून काढून एका पलंगावर ओळीने ठेवल्याचा फोटो त्याच सुमारास आला. हिरव्या कापडात, शेजारी शेजारी. तुम्ही तो फोटो पाहिला असेल आणि हळहळला असाल. मी पाहिला तो नर्सच्या डोळ्यांनी. ती इतकी जवळ जवळ का ठेवलीत ते मला कुणी सांगायला नको होतं. एकाची ऊब दुसऱ्याला मिळावी म्हणून. तिथल्या नर्सचा हात कुठल्या पावलाला लागून कुठल्या पोटाकडे गेला असेल, ते मला माझ्या हातात जाणवत होतं. सुरुवातीला ३९ बाळं असल्याचं सांगत होते. १९ नोव्हेंबरला तिथून हलवली ती ३१. दुसऱ्या दिवशी त्यांतली २८ इजिप्तमध्ये नेली. हे आकडे माझ्या डायरीत आहेत. ड्युटी बदलताना आम्ही बाळं मोजून देतो आणि मोजून घेतो, त्यामुळे आकडा कमी आला की काळजात काय होतं ते सांगता येत नाही. तू त्या दिवशी विचारलं होतंस, “आई, फराळ का खात नाहीस?” मी पित्त झालंय म्हणाले होते.

तू तीन-चार वर्षांचा असताना देवळाली कॅम्पातल्या तोफांचा सराव सुरू झाला की पलंगाखाली जाऊन बसायचास. फडताळातली भांडी वाजायची. मी तुला बाहेर ओढून म्हणायचे, “अरे, सराव आहे, सराव. आपल्याला काही होत नाही.” मग तू कान झाकून हसायचास. हे एवढं वाक्य म्हणता येणं केवढी मोठी गोष्ट आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तिथल्या आईने पोराला पलंगाखालून काढताना काय म्हणायचं?

आपल्या देशात प्रश्न कमी आहेत का, असंही तू म्हणालास. तू एकटाच नाहीस. या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात अशाच निदर्शनाच्या परवानगीसाठी अर्ज गेला, तेव्हा तिथेही हाच सूर निघाला, की आधी आपल्याकडे बघा. पुढे ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर ते निदर्शन झालं. पण मला तुझ्याशी बोलायचंय, न्यायालयाशी नाही. मार्च २०१८ आठवतो? आपल्या सीबीएस चौकातून वनजमिनीच्या हक्कासाठी शेतकरी निघाले, सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे आदिवासी, मुंबईपर्यंत चालत. दहावीच्या मुलांना परीक्षेला त्रास नको म्हणून शेवटच्या रात्री ते झोपलेच नाहीत, अंधारातच आझाद मैदानाकडे गेले. तू तेव्हा मुंबईत होतास. मित्रांबरोबर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं घेऊन रस्त्यावर गेलास आणि रात्री दोन वाजता मला फोन केलास. “आई, त्यांच्या पायांची सालं निघालीत गं,” असं म्हणताना तुझा गळा दाटला होता. सोन्या, वनजमिनीचा तुझा दावा होता का? त्यांच्यातला एक तरी माणूस तुझ्या ओळखीचा होता? त्या रात्री मी तुला संबंध विचारला नव्हता. उलट देवापाशी दिवा लावला होता.

आणि देशाच्या विरोधात उभं राहण्याचं म्हणशील, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सरकारनेच विमानाने साडेसहा टन औषधं आणि ३२ टन मदतसाहित्य गाझाच्या लोकांसाठी इजिप्तला पाठवलं होतं.

आता जे सांगते ते काकूला माहीत नाही. नर्सिंगला माझ्याबरोबर मुंबईत एक मुलगी होती, अलिबागकडची बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. घरी तेलाचा जुना धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. ती लग्नानंतर इस्रायलला गेली. अश्दोदला असते. अजून मराठीतच बोलते, आणि आपल्याकडे आता कुणी म्हणत नाही असे जुने शब्द तिच्या तोंडी असतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी गाझातल्या हमास संघटनेने तिकडे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या वर ओलीस नेली, तेव्हा ती नातीला घेऊन घरातल्या पक्क्या खोलीत बसली होती. तिचा आवाज त्या दिवशी मला ओळखू आला नाही. पहिल्यांदा पाटी घेऊन उभं राहायचं ठरलं तेव्हा मी आधी तिला फोन केला. तिच्या पाठीमागे मी काही करू नये असं वाटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझा नातू सैन्यात आहे, गाझाच्या आत आहे. मला रात्रीची झोप नाही. तू उभी राहा, पण आमच्या पोरांना विसरू नकोस.” म्हणून माझ्या पाटीवर दोन ओळी आहेत. ‘ओलीस सोडा. युद्ध थांबवा.’ कुणीतरी फोटो काढताना वरची ओळ कापली, त्यामुळे तुला एकच दिसली.

तिनेच मला सांगितलं की या १७ ऑगस्टला त्यांच्या देशभर लोक रस्त्यावर उतरले, हमरस्ते अडवले, ओलिसांना परत आणा आणि हे थांबवा म्हणून. तेल अवीवमध्ये काही जण गाझातल्या मेलेल्या मुलांचे फोटो हातात धरून मुकाट उभे राहतात. पुढून जाणारे त्यांना वाट्टेल ते बोलतात. जेरुसलेममध्ये तर बायका १९८८ पासून काळे कपडे घालून दर शुक्रवारी चौकात उभ्या राहत आल्यात. आमचा शुक्रवार तिथून घेतलाय. त्यांना स्वतःच्या शेजाऱ्यांच्या, भावकीच्या नजरेला नजर देत उभं राहावं लागतं. माझ्या वाट्याला काय येतं? एखादा मोटरसायकलवाला ओरडून जातो, एवढंच.

“याने युद्ध थांबतं का?” हा तुझा शेवटचा प्रश्न. नाही थांबत. १५ फेब्रुवारी २००३ ला इराकवरचा हल्ला होऊ नये म्हणून जगभरच्या शेकडो शहरांत लोक निघाले होते. लंडन, रोम, माद्रिदमध्ये लाखोंनी. २० मार्चला बॉम्ब पडायचे ते पडलेच. साठ हजारांच्या वर माणसं गाझात गेलीत असं तिथलं आरोग्य मंत्रालय सांगतं. या २२ ऑगस्टला गाझा शहरात दुष्काळ असल्याचं अन्नसुरक्षा मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जाहीर केलं. २५ तारखेला खान युनिसच्या नासेर रुग्णालयावर मारा झाला, मदतीला धावलेल्यांवर पुन्हा झाला. आम्ही अकरा जण हुतात्मा स्मारकाशी उभे राहून यातलं काही अडवू शकलो नाही, हे मला तुझ्याइतकंच कळतं. पण जनरेटर लागत नसताना मी जनरेटरपाशी गेले नव्हते, सोन्या. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी बाळांपाशी थांबले.

तो फोटो काढला त्या शुक्रवारी काय झालं ते तू विचारलंच नाहीस. पाऊस भुरभुरत होता. माझ्या पाटीवर ओळींखाली एका बाळाचा फोटो आहे. बसस्टँडकडून एक माणूस आला, साठीचा असेल, हातात पिशवी, त्र्यंबकच्या गाडीची वाट बघत होता. फोटोकडे बराच वेळ बघून म्हणाला, “कधीपासून हरवलंय, बाई?” त्याला वाटलं, आमचं पोर हरवलंय आणि आम्ही शोधत उभे आहोत. मला पटकन बोलता येईना. मग मी त्याला सांगितलं, हे कुठलं, काय झालं, दोन्हीकडचं. जेवढं मला माहीत तेवढं. तो ऐकत होता. “आईबाप आहेत का त्याला?” त्याने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. वाऱ्याने पाटीचा एक कोपरा सारखा उडत होता, तो त्याने धरला. काही बोलला नाही. गाडी लागेपर्यंत धरून उभा होता, मग कोपरा माझ्या हातात देऊन पिशवी उचलून पळाला.

५ तारखेला ईद आहे, ६ ला अनंत चतुर्दशी. पोलीस बंदोबस्ताने दमलेले असतात, म्हणून आम्ही आता १२ तारखेला उभे राहू. ठाण्यात रीतसर अर्ज दिलाय, काळजी करू नकोस. तिथला हवालदार चांगला आहे, त्याची बायको माझ्या वॉर्डात होती.

करंज्या कुरिअरने पाठवतेय. डबा वाकडा करू नकोस. मागच्या वेळी पाटीवरची शाई ओघळली, म्हणून माळ्यावरून तुझ्या शाळेच्या वह्यांची प्लास्टिकची कव्हरं काढलीत. चार जोडून बरोब्बर बसली.

तुझी,
आई