मॉरिसचे स्टड सुटले, मंडळी!

आमच्या मॉरिस मायनर या जुन्या गाडीचं इंजिन उघडताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, हलेनात. खारा वारा, गोव्याचा पावसाळा. गंज आट्यांत पार मुरलेला. फोंड्याच्या मेस्त्रींनी आधी माझ्या हातातला लांब पाना काढून घेतला, नाहीतर जोराने स्टड तुटले असते; त्याबद्दल खास आभार! स्टडभोवतीचा भाग गॅसने तापवून त्यांनी मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं गेलं. मग थोडं सोडायचं, थोडं परत आवळायचं, घाई नाही. एक तुटलाच. म्हापशाच्या वेल्डरकाकांनी उरलेल्या टोकावर नट वेल्ड केला. त्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटली, ड्रिल लागलंच नाही. व्हॉल्व्हचे अडकलेले कॉलेट (स्प्रिंगवरची चकती व्हॉल्व्हला धरून ठेवणारे छोटे तुकडे) रिटेनरवर, म्हणजे त्या चकतीवर, बॉक्स पाना ठेवून हलकं ठोकताच निघाले, ते शेजारच्या दादांमुळे. देव बरें करूं!